कॉइलओव्हर बसवल्यानंतर: स्पोर्ट्स कारचे कॉर्नर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट कसे करावे

कॉइलओव्हर, म्हणजे रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच, बसवून गाडी खाली आणली की पहिले काही दिवस सगळे खूश असतात. चारही चाकांवरची फट टेपने मोजून सारखी केलेली असते आणि फोटोही छान येतात. मग ट्रॅकवर गेल्यावर कळते की उजवीकडे वळताना गाडी झटकन आत येते, पण डावीकडे वळताना पुढचे टायर सरळच जायला बघतात. जोरात ब्रेक दाबला की पुढचे डावे चाक आधी लॉक होते. अशा वेळी बरेच जण टायर बदलतात किंवा शॉकचे नॉब फिरवत बसतात. दोष पुष्कळदा चार चाकांवर वजन कसे वाटले गेले आहे त्यात असतो, आणि ते फट मोजून दिसत नाही. हे वाटप सुधारणे म्हणजे कॉर्नर बॅलन्सिंग, आणि चाकांचे कोन जुळवणे म्हणजे अलाइनमेंट.

उदाहरणासाठी माझ्दा एमएक्स-५ घेऊ. पहिल्या दोन पिढ्यांची, म्हणजे १९८९ ते २००५ या काळातली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. ही गाडी कंपनीने भारतात अधिकृतपणे विकली नाही, पण ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या हौशी माणसाला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर हिचे नाव हमखास निघते. शिकायला ती उत्तम, कारण चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचे) सस्पेन्शन आहे आणि पुढे-मागे दोन्हीकडे कॅम्बर (चाकाचा उभा कल; वरचे टोक आत झुकले तर उणे) बदलण्याची सोय कारखान्यातूनच आलेली आहे.

काट्यावर काय बदलते आणि काय नाही

चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले की चार आकडे मिळतात. ड्रायव्हर बसलेला असताना समजा ते असे आले:

पुढे डावे २६२ किलो, पुढे उजवे २९६ किलो
मागे डावे २७० किलो, मागे उजवे २५२ किलो

एकूण १०८०. पुढच्या दोन चाकांवर ५५८, मागच्या दोनवर ५२२. डाव्या बाजूला ५३२, उजव्या बाजूला ५४८. स्प्रिंगखालची रिंग कितीही फिरवली तरी या चार बेरजा जवळजवळ हलत नाहीत. त्या बदलायच्या तर बॅटरी, सीट, स्पेअर चाक अशी खरोखरची वजने उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात. रिंग फिरवून बदलते ती फक्त कर्णावरची जोडी. चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय भार घेतात, उरलेले दोन हलके होतात, इथेही तसेच.

आपल्या उदाहरणात पुढे उजवे आणि मागे डावे मिळून ५६६ किलो होतात, म्हणजे ५२.४ टक्के. दुसरा कर्ण ५१४. हे क्रॉस वेट, म्हणजे एका कर्णाचा एकूण वजनातला वाटा, ५० टक्क्यांवर आणायचे तर प्रत्येक कर्णावर ५४० हवेत. जड कर्णावरून २६ किलो कमी करायचे, आणि पुढची-मागची, डावी-उजवी बेरीज स्थिर असल्यामुळे ते दोन्ही कोपऱ्यांवरून सारखेच, १३-१३ किलो जातात. शेवटी आकडे असे यायला हवेत: पुढे डावे २७५, उजवे २८३, मागे डावे २५७, उजवे २६५. हे गणित काट्यावर चढण्याआधी कागदावर केले की गाडीजवळ गोंधळ होत नाही.

पुढची दोन चाके अगदी सारखी का नकोत, असे कोणीतरी विचारतेच. तसे करता येते: पुढे २७९ आणि २७९, मग मागे डावे २५३, उजवे २६९. त्यात क्रॉस वेट ४९.३ टक्के होते. सरळ रेषेत ब्रेक लावताना याचा थोडा फायदा, दोन्हीकडच्या वळणांत थोडा तोटा. ड्रायव्हर एका बाजूला बसतो तोवर दोन्ही एकदम मिळणार नाही. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला मी ५० टक्क्यांचाच कर्ण धरतो.

तयारी: अर्ध्याहून जास्त काम इथेच

सगळे मोडिफिकेशन आधी संपवा. आज बॅलन्स करून पुढच्या महिन्यात रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी कमान) किंवा हलकी सीट बसवणार असाल, तर आजचे पैसे वाया.

सस्पेन्शनच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांतले अस्तर, आणि बॉल जॉइंट तपासा. ढिले असतील तर अलाइनमेंटचा आकडा टिकणार नाही. रबरी बुश असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. आर्मचे बोल्ट चाके लोंबत असताना घट्ट केले असतील, तर गाडी खाली उतरल्यावर रबर पिळलेले राहते आणि तेही स्प्रिंगसारखे वजन उचलते. म्हणून ते बोल्ट ढिले करून, गाडी तिच्या उभ्या उंचीवर असताना पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा.

जुन्या एमएक्स-५ मध्ये खरी डोकेदुखी कॅम बोल्टची. हे वाकड्या मध्याचे बोल्ट खालच्या आर्ममध्ये असतात. पुढे त्यांनी कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) बसतो, मागे कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते). ब्रिटनसारख्या रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात ते बुशच्या आतल्या नळीत गंजून बसतात. जोर लावला तर बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, पण आत बुश फाटत असतो. आधीच काही दिवस गंज सोडवणारे तेल मारत राहा आणि ते खरोखर मोकळे फिरतात का ते घरीच बघा. नसतील तर करवतीने कापून नवे बोल्ट आणि बुश घालावे लागतात, आणि ते काम अलाइनमेंटच्या रॅम्पवर तासाच्या दराने करून घेणे महाग पडते.

मग टायरचा दाब तुम्ही चालवता तितका भरा, चारही चाकांत काळजीपूर्वक. पेट्रोल अर्धी टाकी. डिकीतली छत्री, नट-बोल्टचे पाने, पाण्याच्या बाटल्या बाहेर काढा, पण जे कायम सोबत असते ते राहू द्या. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा. तुम्ही स्वतः बसलात तर रिंग फिरवणार कोण, म्हणून पिशव्याच बऱ्या. काही वजन पायांच्या जागी ठेवायला विसरू नका.

आता पुढच्या-मागच्या दोन्ही अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून डावे-उजवे जोडणारी सळई) एकेक ड्रॉप लिंक, म्हणजे बार सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा, सोडा. बार जोडलेला राहिला तर तोही कर्णावर वजन ढकलतो आणि तुम्ही स्प्रिंगने ती चूक झाकत बसता. वर्कशॉपकडे काम देणार असाल तर मला सगळ्यात उपयोगी वाटणारा प्रश्न हाच: 'वजन करताना लिंक सोडता का?' उत्तर ऐकूनच तिथे थांबायचे की नाही ते ठरवा.

उंची आणि कच्चे अलाइनमेंट

आधी उंची. मडगार्डच्या कडेवर विसंबू नका. जुन्या गाडीचे मडगार्ड एकदा तरी ठोकून सरळ केलेले असू शकते. मोजमाप चेसिसच्या खालच्या पट्टीपासून जमिनीपर्यंत घ्या, डावीकडे आणि उजवीकडे सारखे, मागे पुढच्यापेक्षा किंचित जास्त. फार खाली जाण्याचा मोह टाळा. सस्पेन्शनला दाबायला जागा उरली नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

उंची ठरली की कॅम्बर आणि टो ढोबळमानाने जागेवर आणा. कॅम्बरमध्ये नंतर मोठा बदल केला तर उंची आणि वजन दोन्ही थोडे हलतात, म्हणून वजन करण्याआधी निदान जवळपास पोहोचलेले बरे.

काटे मांडणे

चारही काट्यांची माथी एका पातळीत हवीत. एक-दोन मिलिमीटरच्या आत. गॅरेजची फरशी कधीच सपाट नसते, पाणी जाण्यासाठी तिला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी यासाठी पुरते. ज्या काट्याखाली जागा कमी पडते तिथे पातळ पत्रे किंवा विनाइल टाइलचे तुकडे घाला आणि काट्यांच्या जागा जमिनीवर रंगवून ठेवा.

काट्यांच्या पुढे-मागे त्याच उंचीचे लाकडी फलाट असले तर उत्तम. गाडी जॅकवरून खाली सोडली की टायर आत ओढलेले राहतात, बाहेर सरकू शकत नाहीत, आणि आकडे खोटे येतात. फलाटावरून ती पुढे-मागे ढकलली की सस्पेन्शन मोकळे होऊन बसते. फलाट नसतील तर प्रत्येक टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा. हँडब्रेक सोडलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ.

पहिले वजन लिहा, गाडी उतरवून पुन्हा चढवा, पुन्हा लिहा. दोन्ही वेळचे आकडे एक-दोन किलोच्या आत जुळले नाहीत तर रिंगला हात लावू नका. कुठेतरी काही अडकते आहे, ते आधी शोधा.

रिंग फिरवणे

एखादा कोपरा वर उचलला की तो आणि त्याच्या कर्णावरचा कोपरा जड होतो. आपल्या उदाहरणात पुढे डावे आणि मागे उजवे वर घ्यायचे, पुढे उजवे आणि मागे डावे तितकेच खाली. सगळा बदल एकाच कोपऱ्यावर केला तरी आकडा येईल, पण तिथली उंची बिघडेल. चौघांत वाटून, एका वेळी प्रत्येकी अर्धा फेरा. मग गाडी ढकलून बसवायची, वाचायचे, लिहायचे. पहिल्या अर्ध्या फेऱ्याने किती किलो हलले ते कळले की पुढचा अंदाज सोपा होतो.

रिंग फिरवताना चाक उचलून स्प्रिंगवरचा भार कमी करा आणि दोऱ्यांवरची (आट्यांवरची) माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ॲल्युमिनियमचे दोरे खरवडतात. ज्या कॉइलओव्हरमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, तिथे उंची त्या ब्रॅकेटने बदला आणि स्प्रिंगच्या प्रीलोडला (आधीच दिलेल्या दाबाला) हात लावू नका.

५० टक्क्यांच्या अर्धा टक्का इकडे-तिकडे आला की थांबा. त्यापुढचा हट्ट पेट्रोलची टाकी भरताच निरर्थक होतो.

आता लॉकरिंग आवळा आणि ड्रॉप लिंक परत जोडा. वाळूच्या पिशव्या सीटवरच असू द्या. लिंकचा बोल्ट हाताने सहज आत जायला हवा. ओढून बसवावा लागत असेल तर बारवर ताण येतो आहे. लांबी बदलता येणाऱ्या लिंक इथेच पैसे वसूल करतात. जोडल्यावर पुन्हा एकदा वजन बघा, आकडे हलले तर लिंकची लांबी जुळवा.

पक्के अलाइनमेंट

चारही चाकांचे मशीन असलेल्या ठिकाणी जा आणि पिशव्या सोबत न्या. टायरच्या दुकानात पडद्यावर आकडे हिरवे झाले की काम झाले असे मानतात, पण तो हिरवा पट्टा कारखान्याच्या उंचीवरच्या गाडीसाठी असतो. तुमचे आकडे कागदावर लिहून द्या. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असे दोन्ही करणाऱ्या एमएक्स-५ साठी सुरुवात म्हणून हे बरे:

पुढे: कॅम्बर उणे १ ते उणे १.५ अंश, कॅस्टर ५ अंशांच्या आसपास, टो शून्य.
मागे: कॅम्बर उणे १.५ ते उणे २ अंश, टो किंचित आत.

नेमक्या आकड्याइतकेच डावे-उजवे सारखे असणे महत्त्वाचे. मागचा टो बाहेर तर अजिबात नको. मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी वळणात ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट फिरवते.

काम मागून सुरू करायचे. मागचा कॅम्बर, मग मागचा टो. मागची चाके सरळ झाल्याशिवाय पुढची कशाच्या संदर्भात सरळ करणार? मग स्टिअरिंग मध्यावर अडकवून पुढचा कॅस्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर बदलला की टो बदलतो. प्रत्येक बोल्ट आवळल्यानंतर आकडा पुन्हा वाचायला सांगा. आवळताना कॅम सरकतो.

घरी दोरी बांधून टो मोजत असाल तर १५ इंची रिमच्या कडेला १ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण ८ ते ९ मिनिटे. मशीनचे आकडे अंश-मिनिटांत येतात, तेव्हा हे रूपांतर कामी येते.

भारतात पोलो किंवा स्विफ्टसारख्या हॅचबॅकवर हेच करणार असाल तर काट्यावरची पद्धत तीच. फक्त मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारी एकच तुळई) असल्याने तिथे फिरवायला कॅम बोल्ट नाहीत, आणि पुढच्या स्ट्रटला जास्त कॅम्बर हवा तर त्याचे वरचे टोक सरकवणाऱ्या कॅम्बर प्लेट लागतात. गाडीत बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नजरेखालून घाला. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला कळवणे भाग आहे, आणि खाली आणलेल्या गाडीच्या हेडलाइटचा झोत एमओटीच्या (वार्षिक वाहन तपासणीच्या) आधी पुन्हा जुळवून घ्या.

पहिल्या फेरीत सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडे दिसले तर सगळे पुन्हा करायची गरज नाही. दोन्ही टाय रॉड सारख्याच मापाने फिरवा, एका बाजूची लांब आणि दुसरीची तितकीच आखूड. टो तोच राहतो. नवे स्प्रिंग काही आठवडे थोडे बसतात, म्हणून प्रत्येक कॉइलओव्हरवर रिंगच्या खाली किती दोरे उघडे आहेत ते मोजून वजनांच्या कागदावरच लिहा. उंची कुठे उतरली असेल तर पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळेल.