खोट्या शिकवणीलाही वचन पाठ असतं: बायबल अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

जालना-बीडकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये मी बऱ्याच वर्षांपासून बायबल अभ्यास घेतो. नव्याने येणारी मुलं-मुली लवकरच विचारतात, खोटी शिकवण ओळखायची कशी? त्यांना वाटतं, ती उघड उघड बायबलच्या विरुद्ध बोलत असेल. तसं क्वचितच घडतं. ती बायबल हातात घेऊन येते, वचन तोंडपाठ म्हणते आणि अध्यायही बरोबर सांगते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानाने येशूपुढे ९१वं स्तोत्रच म्हटलं आहे. येशूने तिन्ही परीक्षांना उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून. म्हणजे एका वचनाचा गैरवापर दुसऱ्या वचनाने उघडा पाडला. त्यासाठी ते दुसरं वचन आपल्याला माहीत असावं लागतं, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

कापसाचे पैसे हातात येतात त्या दिवसांत आमच्या भागात बाहेरचे वक्ते येतात. पेंडॉल पडतो, मोठा साउंड लागतो आणि सभेत सांगितलं जातं, "बीज पेरा, देव शंभरपट देईल, कर्ज फिटेल." आधाराला लूक ६:३८, "द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल." पुढच्या अभ्यासाला हाच विषय निघाला. वक्त्याबद्दल कुणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, आधी २७व्या वचनापासून वाचू. एक मावशी वाचायला उठल्या. चौथीपर्यंत शाळा झालेली, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतात. शत्रूंवर प्रीती करा. परत मिळायची आशा न ठेवता उसनं द्या. दोष काढू नका. क्षमा करा. मग ते ३८वं वचन आलं. मावशी तिथे थांबल्या, बोट मागे नेलं, ३५वं वचन पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "अहो भाऊ, इथं तर परत मिळायची आशा धरू नका म्हणलंय. अन् ते तर परत मिळतंय म्हणूनच मागत व्हते." मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

दान देण्यात काहीच गैर नाही, मंडळी दानावरच चालते. पण पौल २ करिंथ ९:७ मध्ये सांगतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडलं म्हणून नाही. उचल घेतलेल्या ऊसतोड कुटुंबाकडून आशीर्वादाच्या बोलीवर पैसे काढले जातात तेव्हा मला राग येतो. तो लपवावा असं मला वाटत नाही.

म्हणून पहिली सवय लावा ती मागचं-पुढचं वाचायची. कुणी वचन सांगितलं की निदान तो अध्याय पूर्ण वाचा. हे कोण, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगतो आहे, ते वहीत लिहा. यिर्मया २९:११, म्हणजे देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे वचन, आपल्याकडे लग्नपत्रिकेवरही असतं, पण ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. हे कळल्यावर त्या वचनातली आशा जास्त खोल होते. संकट उद्याच टळेल असं वचन देवाने तिथे दिलेलं नाही, हेही कळतं.

आजाराविषयीच्या शिकवणीला मी सगळ्यात जास्त भितो, कारण तिथे जीव जातो. "विश्वास असेल तर गोळ्या बंद करा" असं सांगणारे आहेत. साखरेचा आजार असलेली, टीबीचा कोर्स चालू असलेली माणसं ते ऐकून औषध सोडतात. मग बरं वाटलं नाही की त्यांनाच ऐकवलं जातं, तुमचा विश्वास कमी पडला. अशा वेळी तीन ठिकाणं तोंडावर हवीत. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही काढला गेला नाही (२ करिंथ १२). तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). आणि सोबतचा त्रफिम आजारी पडला तेव्हा त्याला मिलेतात ठेवून पौल पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). या तिघांना अल्पविश्वासी कोण म्हणेल? पौलाचा सोबती लूक तर वैद्य होता, कलस्सै ४:१४ मध्ये तसं लिहिलंच आहे. आपण आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, देव बरं करतो असं मानतो, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही वेळेवर घेतो.

ख्रिस्त कोण आहे याविषयीची चूक सगळ्यात मुळाशी असते. दारावर पुस्तिका घेऊन येणारे म्हणतात, येशू हा देवाने घडवलेला पहिला जीव, आणि कलस्सै १:१५ दाखवतात, जिथे त्याला 'सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ' म्हटलं आहे. त्यांच्यासमोरच १६वं आणि १७वं वचन वाचा. सर्व काही त्याच्यामध्ये, त्याच्या द्वारे निर्माण झालं, आणि तो सर्वांच्या पूर्वीचा आहे. मग योहान १:१ ते ३ काढा. हा वाद नवा नाही. आलेक्सांद्रियाच्या अरियसने हेच मांडलं होतं आणि ३२५ साली नायसियाच्या परिषदेने ते नाकारलं. उपासनेत आपण जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यातली पुत्राविषयीची वाक्यं त्या झगड्यातून आली आहेत. ती घाईने उरकू नका.

शेवटच्या दिवसाची तारीख सांगणारा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर मत्तय २४:३६ पाठवा, तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि विषय संपवा.

वाचायला सुरुवात मार्कापासून करा. मोठ्याने वाचलं तरी सोळाही अध्याय साधारण दोन तासांत होतात. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये, मग गलती. जुना करार बाजूला ठेवू नका. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने तो टाकून दिला आणि मग त्याला लूकचं शुभवर्तमानही कापावं लागलं. दसऱ्यानंतर ज्यांना टोळीसोबत कारखान्यावर जावं लागतं, त्यांनी मोबाइलमध्ये ऑडिओ बायबल उतरवून न्यावं. फडातून कोपीवर परतल्यावर डोळे मिटत असतात, पण एक अध्याय ऐकणं जमतं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या माणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं शास्त्र आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून निघालं. वाचायला वेळ नाही असं कुणी म्हटलं की मला त्या आठवतात.

एकट्याने वाचा, पण अर्थ एकट्याने ठरवू नका. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केलेली आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). आपल्या पाळकसाहेबांचा संदेश, माझा हा अभ्यास, सगळं तसंच ताडून पाहा. प्रश्न मात्र अदबीने विचारा, "साहेब, हे वचन मला नीट कळलं नाही, आपण सोबत वाचू या का?"

प्रत्येक मतभेदाला खोटी शिकवण म्हणायची घाई नको. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, उपासनेत टाळ्या की ऑर्गन, यावर खरे विश्वासी वेगवेगळी मतं धरतात. ख्रिस्ताचं देवपण, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, कृपेने मिळणारं तारण, यांना हात लागला की तिथे गप्प बसायचं नाही.

फसलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे यहूदाच्या पत्रात आहे. तो विश्वासासाठी झगडायला सांगतो आणि त्याच पत्रात संशयात असलेल्यांवर दया करायलाही सांगतो. ज्या बाईने पोराच्या आजारपणात गळ्यातलं विकून त्या सभेत पैसे दिले, तिच्यासमोर पहिल्याच दिवशी लूक ६ उघडू नका. आधी तिच्या पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात जा, केसपेपर काढा, नंबर येईपर्यंत सोबत बसा. ती स्वतःहून विचारील तेव्हा २७व्या वचनापासून वाचा.