कोळशाच्या ढिगावर डोम टाकायचाय? आधी ढीग मोजा

चंद्रपूर-घुग्घुस पट्ट्यात ज्यांचं शेत खाणीला लागून आहे त्यांना धूळ काय करते ते मी सांगायला नको, बोंड फुटतं तेव्हाच कापसावर काळा थर बसतो आणि विकायला नेला की भाव पाडून मागतात. तिकडे गोव्यात वास्कोत बंदरातल्या कोळशाचं तेच, घरात बोट फिरवलं की काळं, 2017 च्या जनसुनावण्यांना लोक एवढ्या संख्येनं आले ते त्यापायीच. म्हणून कोणी ढीग झाका म्हणून मागणी लावून धरली की मला मनापासून बरं वाटतं. पण मी स्टॉकयार्डच्या, म्हणजे माल साठवायच्या आवाराच्या, सिव्हिल कामात बरीच वर्षं काढली आहेत, आणि घाईत टाकलेल्या डोममध्ये, म्हणजे ढिगावरच्या घुमटाकार छतात, काय होतं तेही बघितलंय, म्हणून सगळं नीट लिहितो.

पहिलं म्हणजे कुठला ढीग झाकायचा ते ठरवा. क्रशरमधून माल पडतो आणि तिथून प्लांटला किंवा वॅगनला जातो, तो ढीग वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो, डोम त्याच्यासाठी. सहा महिन्यांनी हलणाऱ्या ढिगाला वाऱ्याच्या बाजूला उंच जाळी, स्प्रिंकलर आणि ताडपत्री पुरते. ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, डोंगराला डोम नसतोच, त्यावर माती पसरून गवत आणि झाडं लावायची.

मग ढीग मोजा. कोळसा वरून सोडला की स्वतःच्या उतारानं बसतो, साधारण 35 ते 40 अंश. समजा पायथा 80 मीटर व्यासाचा आणि उतार 37 अंश, तर उंची जवळपास 30 मीटर येते, शंकूच्या सूत्रानं घनफळ 50 हजार घनमीटर, आणि घनमीटरला 0.8 टन धरला तर कोळसा 40 हजार टन. पण खाली एकच फीडर, म्हणजे माल ओढून काढणारं यंत्र, असेल तर त्यातला ढोबळमानानं पाव भागच आपोआप खाली उतरतो, बाकीचा डोझरनं ढकलावा लागतो, हे आधी लक्षात घेतलं नाही तर क्षमता कागदावरच राहते. ढिगाच्या टोकावर कन्व्हेअरचं डोकं, बाजूनं मशीन फिरायला जागा, असं सगळं धरून डोम 100 मीटर व्यासापर्यंत जातो.

एवढ्या गाळ्यात मधे खांब चालत नाही, म्हणून त्रिकोणांची जाळी. बकमिन्स्टर फुलरनं 1954 ला ज्याचं पेटंट घेतलं तो जिओडेसिक डोम ह्याच तत्त्वावरचा, चिलीत तांब्याच्या खाणींवर असे मोठमोठे डोम आहेत, कारण तिथल्या कोरड्या वाळवंटात धूळ दबायला पाऊसच नाही. पाइप आणि जोड नटबोल्टनं कडेपासून वर चढवत नेता येतात, म्हणजे नीट प्लॅनिंग केलं तर खालचं काम पूर्ण बंद ठेवावं लागत नाही.

फाउंडेशनला मात्र जपा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. डोम पायथ्याशी बाहेर ढकलतो, तो ताण रिंग बीमनं, म्हणजे पायथ्याच्या गोल तुळईनं, घ्यायचा. आणि ढिगाचं वजन वेगळंच, 30 मीटर कोळसा म्हणजे मधोमध एका चौरस मीटरवर 24 टन, लोहखनिज असेल तर 65-70 टन. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात मधला भाग खाली बसला की कडेची जमीनही हलते, मग रिंग वाकडी आणि वरचे जोड ताणलेले. पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, खडकापर्यंत न्या आणि ढिगाखालच्या जमिनीचा खचाव वेगळा काढून घ्या. वाऱ्यासाठी आयएस 875 भाग 3 हे भारतीय मानक बघा, त्यात नागपूरला वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर, पणजीला 39. अर्धवट उभा डोम वाऱ्यात जास्त धोक्याचा, त्यामुळे उभारणीच्या टप्प्यांचा हिशोबही मागून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उघड्या ढिगावर वारा धूळ उडवतो पण गॅसही घेऊन जातो, तुम्ही ढीग झाकला की गॅस आत अडकतो. ताज्या कोळशातून मिथेन निघतो, तो हवेपेक्षा हलका म्हणून घुमटाच्या टोकाशी साठतो आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. म्हणून टोकाला व्हेंट पाहिजेच, वर मिथेनचे आणि आत कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर, लाइट आणि मोटरी फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगी बाहेर न येऊ देणाऱ्या. कोळसा आतल्या आत तापतो, कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागला की समजायचं कुठेतरी धुमसतंय, म्हणून जुना माल आधी काढा, महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडू देऊ नका. मी एका ठिकाणी बघितलंय, पत्रा धरणाऱ्या आतल्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे पर्लिनवर, बोटभर भुकटी, वर्षभर कोणी झाडलीच नव्हती. असा थर छोट्या स्फोटाच्या धक्क्यानं खाली येतो आणि पेट घेतला तर पहिल्यापेक्षा दुसरा स्फोट मोठा होतो. जमलं तर जाळी बाहेर आणि पत्रा आतून घ्या, म्हणजे थर धरायला जागाच कमी.

आणि डोम असला तरी धूळ जन्माला येते ती माल पडतो तिथे. पडण्याची उंची कमी करा, टेलिस्कोपिक शूट, म्हणजे ढिगाप्रमाणे लांब-आखूड होणारी नळी, लावा, कन्व्हेअरच्या तोंडाशी ड्राय फॉग, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं, ठेवा, माल खालच्या टनेलमधून काढा. लोडर आत-बाहेर करत राहिला तर शटर दिवसभर उघडं आणि सगळा खर्च वाया. ट्रकची चाकं धुवायची सोय नसेल तर तीच धूळ रस्त्यानं गावात येते.

पावसाचं पाणी विसरू नका, 100 मीटरच्या डोमवर 100 मिलिमीटर पडला की जवळपास 7 लाख 85 हजार लिटर होतं. गटार करून हे स्वच्छ पाणी टाकीत घ्या, उन्हाळ्यात स्प्रिंकलरला लागतंच. यार्डातलं काळं पाणी मात्र गाळ खाली बसवणाऱ्या सेटलिंग पॉण्डमध्येच, इरई किंवा वर्धा नदीकडे जाणाऱ्या नाल्यात नाही.

गावकऱ्यांनी एक करा, बांधकाम सुरू व्हायच्या आधीच वर्षभर पीएम 10 चं, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचं, मोजमाप मागा, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी. मर्यादा हवेच्या घनमीटरला 24 तासांच्या सरासरीनं 100 मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीनं 60 आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात, दर सहा महिन्यांचा पूर्तता अहवालही मागता येतो, त्यात डोम लिहिला असेल तर तारखेसकट विचारा.