बल्ब गेला, असेंब्ली आली: गाडीच्या दिव्यांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

2003 साली कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजमध्ये मी वायरमनच्या हाताखाली लागलो. तेव्हा हेडलाइट म्हणजे दहा मिनिटांचं काम. बॉनेट उघडायचं, मागची रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप सोडवायची आणि नवा एच-4 बल्ब बसवायचा. 12 व्होल्ट, 60/55 वॉट, एकाच काचेत अप्पर आणि डिप्परच्या दोन फिलामेंट. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. तो बल्ब आजही दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

आता येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बदलायला बल्बच नसतो. एलईडी, तिला मोजून करंट देणारा ड्रायव्हर, मागची उष्णता ओढून घेणारं ॲल्युमिनियमचं हीट सिंक, कधी छोटा पंखा, झोत वर-खाली करणारी मोटर, सगळं एका बंद डब्यात. या डब्यालाच असेंब्ली म्हणतात. पुढची काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट, आणि तेही डब्याला चिकटवलेलं. आतलं काहीही गेलं तरी बिलावर बहुतेक वेळा अख्खी असेंब्लीच येते. साध्या गाडीला काही हजार, महागड्या गाडीला लाखाच्या वर. डबा बंपरवर आपटून त्याचा एक कान, म्हणजे डबा गाडीला पकडणारी पट्टी, तुटला, तरी बरेचदा तेच. ड्रायव्हर आणि कान हे दोन भाग तरी प्रत्येक कंपनीने सुटे विकायलाच हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वी अंदाज चुकला तर दोनशे रुपये जायचे. आता काय जातं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मालवणकडची एक गाडी आली. उजवा हेडलाइट लुकलुकायचा, मधेच बंद व्हायचा. मी कपलर, म्हणजे दिव्याला जोडणारा तारांचा प्लग, काढला, मीटर लावला. 12.6 व्होल्ट. सप्लाय बरोबर येतोय म्हणजे दिवाच गेला, असं मी ठरवलं. बंपर उतरवून नवी असेंब्ली बसवली आणि ती पहिल्या रात्रीच लुकलुकायला लागली. गिऱ्हाईक नोकरदार माणूस होता, त्याने कुठून पैसे जमवले होते ते मला माहीत होतं. लावलेला दिवा दुकानदार परत घेत नाही. त्या दिव्याचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले.

चूक कुठे झाली ती नीट समजून घ्या. कपलर काढलेला असताना तारेतून करंट वाहतच नाही, त्यामुळे गंजलेली तारसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते. मोजायचं ते लोडवर. कपलर जोडलेला ठेवायचा, दिवा लावायचा, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा कपलरच्या मागून दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या तारेच्या, पिनवर. तिथे जवळपास शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी मी अर्थ उघडून बघतो. त्या गाडीत जवळजवळ तीन व्होल्ट होते. मडगार्डच्या आतला अर्थचा बोल्ट काढला तर लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, पूर्ण हिरवी पडलेली, खाऱ्या हवेने खाल्लेली. हॅलोजन अशा वेळी नुसता मंद जळतो, त्यामुळे दोष लगेच कळतो. एलईडीचा ड्रायव्हर मात्र करंट वाढवून उजेड टिकवायला बघतो, व्होल्टेज फारच पडलं की बंद होतो, पुन्हा चालू होतो. बोल्टची जागा घासली, तारेवर नवी लग दाबून बसवली (क्रिम्प केली), बोल्टला ग्रीस लावलं. पंधरा मिनिटांचं काम.

जुनी एक सवयही सोडा. बल्बवाला टेस्टिंग लॅम्प नव्या गाडीच्या कुठल्याही तारेला लावू नका. दिव्यांचा सप्लाय आता बऱ्याच गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या छोट्या कंप्युटरमधून येतो, आणि त्याच्या बारीक सिग्नलच्या तारांना तो लोड झेपत नाही. तारेचं इन्सुलेशन टोचूनही बघू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तार आतून सडते.

झेनॉनच्या, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूत ठिणगी पेटवून उजेड देणाऱ्या दिव्यांच्या, गाड्या अजून येतात. त्यांचा दिवा पेटताना त्याला व्होल्टेज पुरवणारा बॅलास्ट वीस हजार व्होल्टच्या वर जातो. स्विच बंद आणि बॅटरी सुटी केल्याशिवाय तिथे हात नाही.

दोन्ही दिवे अचानक खाली बघायला लागले, तर दिव्याला हात लावण्याआधी गाडीखाली जा. ऑटो लेव्हलिंगच्या गाडीत सस्पेन्शनच्या आर्मला उंची मोजणारा सेन्सर आणि त्याची छोटी काडी असते. ती तुटली की दिव्यांना गाडीची उंचीच कळत नाही. स्प्रिंग बदलल्यावरही गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरवर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची मूळ जागा पुन्हा ठरवणं, करावं लागतं. झोत तपासायला साधी भिंत चालते. सपाट जागेवर डिप्परचा झोत साधारण 10 मीटरवर 10 सेंटीमीटर, म्हणजे 1 टक्का, खाली यायला हवा, पण दिव्यावरच ही टक्केवारी छापलेली असते ती पाळा.

गिऱ्हाईक हॅलोजनच्या डब्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवून मागेल. मी बसवत नाही. एच-4 मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली एक बारीक पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडत नाही आणि झोत वर चढत नाही. एलईडी बल्बमुळे उजेडाची जागा एक-दोन मिलिमीटर सरकली तरी तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आंबोलीच्या घाटात धुक्यात समोरून असा दिवा आला की रस्त्याची कड दिसत नाही. ते धंद्याचं नुकसान मी सोसतो.

शिकण्याबद्दल म्हणाल, तर आयटीआयचा मोटर मेकॅनिक किंवा ऑटो इलेक्ट्रिकलचा ट्रेड घ्या, पण ओहमचा नियम पाठ करून परीक्षेपुरता सोडू नका. वायरिंग डायग्राम वाचायला बसा. रोज एका गाडीचा एकच सर्किट, बॅटरीपासून अर्थपर्यंत बोटाने. सहा महिन्यांत हात बसतो. स्कॅनर कोड दाखवतो, गंजलेला बोल्ट दाखवत नाही.

आणि अपघाताच्या गाडीचा फुटका एलईडी दिवा भंगारात मिळाला तर सोडू नका. हीट गनने कडेचा गोंद हळूहळू मऊ करा, काच उचला, ड्रायव्हरची पट्टी, हीट सिंक, मोटर एकेक करून बाहेर काढा. माझ्याकडच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला देतो.