रात्री दोन वाजून दहा मिनिटांचा काटा

माझं पहिलं काम राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर. कापसाच्या गाडीचा काटा, म्हणजे वजन, झाला की पावती निघावी आणि तिच्यावरून चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, व्हावा, एवढंच. डिसेंबरात एक काका पावती घेऊन आले. "भाऊ, आमचा काटा चौदा तारखेले झाला, पावतीवर तेरा काऊन हाये?" भाव तारखेवरून उचलला जायचा आणि तेराचा भाव कमी होता. चूक माझ्या कोडची, तोटा त्यांचा.

डेटाबेसमध्ये त्यांच्या नोंदीत आकडा होता १७०२५०००००. म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, उलटलेले सेकंद. यूटीसीत ती वेळ येते १३ डिसेंबर २०२३, रात्रीचे ८:४०. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे १४ डिसेंबर, रात्रीचे २:१०. काका बरोबर होते आणि आकडाही बरोबर होता. चुकत होती ती आकड्याची तारीख करण्याची जागा. टाइमझोन न सांगता पायथॉनचं 'फ्रॉमटाइमस्टॅम्प' हे आकड्याची तारीख करणारं फंक्शन वापरलं तर ते ज्या मशीनवर चालतं तिथली वेळ धरतं. माझ्या लॅपटॉपवर भारतीय वेळ होती, सर्व्हरवर यूटीसी.

मी सगळी चाचणी दिवसा केली होती. पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडे तारीख एकच असते, म्हणून काहीच दिसलं नाही. चूक उघडी पडते ती मध्यरात्र ते साडेपाच या वेळेत, आणि ऐन हंगामात तेव्हाही काटा चालूच असतो.

त्या दिवशी घाबरून मी साठवलेल्या सगळ्या आकड्यांत १९८०० सेकंद मिळवले. असं कधीच करू नका. नव्या नोंदी मूळ पद्धतीनेच येत राहिल्या, जुन्या साडेपाच तास पुढे सरकल्या, आणि कोणती कुठली ते कळेना. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

नव्याने शिकणाऱ्यांनी साठवलेल्या आकड्याला हात लावू नये. तारीख करायचं काम एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि तिथे 'एशिया/कोलकाता' हे भारतीय टाइमझोनचं नाव स्पष्ट लिहा. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे कॉलममध्ये काय आहे ते आधी डोळ्यांनी पाहा. दहा अंकी असेल तर सहसा सेकंद, तेरा अंकी असेल तर मिलिसेकंद. जावास्क्रिप्टची 'डेट' मिलिसेकंद मागते; तिला वरचा दहा अंकी आकडा तसाच दिला तर २० जानेवारी १९७० मिळेल. आणि पावतीवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० दिसलं, तर बहुधा कुणीतरी रिकाम्या जागी शून्य भरलेलं असतं.

काकांची पावती दुरुस्त झाली, फरकाचे पैसे पुढच्या चुकाऱ्यात मिळाले. कोणताही नवा प्रोजेक्ट घेतला की माझी पहिली चाचणी आजही १७०२५००००० चीच असते. तुम्हीही तो आकडा टाकून बघा. चौदा तारीख आली तरच पुढे चला.