कालचा दिवस मांडून बघा: समाधान मोजायची आणि वाढवायची चार आठवड्यांची रीत

“बरं चाललंय ना?” असं विचारलं की आपण “चाललंय की” म्हणून मोकळे होतो. उत्तर खोटं नसतं, पण त्यातून बदलण्यासारखं काही हाताला लागत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हणूनच वेगळा मार्ग घेतला. टेक्सासमधल्या नोकरी करणाऱ्या ९०९ स्त्रियांना त्यांनी कालचा दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवायला लावला. प्रत्येक तुकड्यात काय केलं, सोबत कोण होतं आणि मनात काय होतं, एवढंच लिहायचं होतं. ही रीत घरी करता येते. एक शंभरपानी वही, पहिल्या दिवशी तासभर एकांत आणि पुढे चार आठवडे अधूनमधून दहा-दहा मिनिटं एवढं पुरतं.

सुरुवातीचा आकडा आधी काढून ठेवा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ ही पाच प्रश्नांची चाचणी सगळ्यात सोयीची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’ म्हणजे ० पासून ‘सतत’ म्हणजे ५ पर्यंत गुण द्या. बेरजेला ४ ने गुणा. १०० पैकी आकडा मिळेल. तो ५० किंवा त्याहून खाली आला तर वही मिटा आणि आधी डॉक्टरांना भेटा, कारण एवढ्या कमी आकड्यामागे नैराश्य असू शकतं आणि त्यावर वहीचा उपाय चालत नाही. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. तिथं मराठीत बोलता येतं.

हा आकडा कधी काढता तेही महत्त्वाचं आहे. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, घरभर पाहुणे असताना काढला तर तो फुगतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, रात्री झोप लागत नाही, तेव्हा तो पडतो. साधा, नेहमीचा आठवडा धरा. वार आणि वेळ वहीत लिहून ठेवा, कारण चार आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी परत मोजायचं आहे.

आता कालचा दिवस. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचे तुकडे पाडा. जागा, काम किंवा सोबतचं माणूस बदललं की नवा तुकडा. टेक्सासमधल्या स्त्रियांचे सरासरी चौदा तुकडे झाले होते आणि एक तुकडा साधारण तासाभराचा होता. तुमचे सहा-सातच झाले तर तुम्ही घाईत लिहिताय. प्रत्येक तुकड्यासमोर आनंद, मन रमणं, आपुलकी, तसंच ताण, उदासी, चिडचिड यांना ० ते ६ गुण द्या. थकवाही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. दमलेला माणूस समाधानी असू शकतो, म्हणून थकवा पुढच्या हिशेबात धरत नाहीत.

भावना ज्या भाषेत मनात येतात त्याच भाषेत लिहा. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, दारात मराठी आणि कामावर हिंदी असं चालतं. ज्या भाषेत तुम्ही रागावता, त्या भाषेतला शब्द सगळ्यात नेमका असतो.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या एका बाईची वही नमुन्यादाखल अशी दिसेल. ५.१० ते ६.१५, नळाला पाणी आलं, एकटीनं भरलं: ताण ४, आनंद १, थकवा ३. ६.१५ ते ७.४५, स्वयंपाक आणि डबे: चिडचिड ३, आनंद २. ९ ते १, कॉलर बसवल्या: मन रमणं ४, ताण २. १ ते १.३५, तिघींनी मिळून डबा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटून घेतली: आपुलकी ५, ताण १. रात्री ९.४० ते १०.५०, मोबाइल, एकटी: उदासी ३, आनंद २. मधले बाकीचे तुकडे बरे गेले.

ज्या तुकड्यात सगळ्यात मोठा आकडा ताण, उदासी किंवा चिडचिडीला आहे तो तुकडा ‘नकोसा’. बरोबरी झाली तर धरू नका. या बाईचे नकोसे तुकडे तीन: ६५, ९० आणि ७० मिनिटं, म्हणजे २२५. जागेपणीची एकूण मिनिटं १०६०. २२५ ला १०० ने गुणून १०६० ने भागलं की २१ येतात, म्हणजे जागेपणीचा २१ टक्के वेळ नकोसा गेला. असे कामाचे दोन दिवस आणि सुटीचा एक दिवस काढून सरासरी घ्या. एका दिवसावर विश्वास ठेवू नका, कारण नेमकं त्याच दिवशी पाणी आलेलं असू शकतं.

इथं हमखास चुकतं ते हे, की माणूस काल काय वाटलं ते न लिहिता काय वाटायला हवं होतं ते लिहितो. मुलांचा अभ्यास घेतला म्हणजे आनंद ६, देवपूजा केली म्हणजे शांती ६. कानेमान यांच्या अभ्यासात मुलांची देखभाल करतानाचे गुण टीव्ही बघण्यापेक्षा आणि स्वयंपाकापेक्षाही खाली होते. त्या आयांना मुलं नकोशी नव्हती, त्या वेळी त्या चिडलेल्या होत्या एवढंच. खरं लिहिलं नाही तर बदलायचा तुकडा सापडणारच नाही. वही घरात कुणी वाचणार असेल तर खरं लिहिलं जात नाही, म्हणून ती कुलपात ठेवा.

आता एकच तुकडा निवडा. तो आठवड्यातून चारदा तरी येणारा हवा आणि तुमच्या हातातला हवा. पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येतं हे त्या बाईच्या हातात नाही. त्या ६५ मिनिटांतला ताण तिच्या विचारांची चूक नाही आणि ‘सकारात्मक राहा’ असं तिला सांगणं अन्याय आहे. कमी मजुरीचंही तसंच. अशा तुकड्यांवर संघटना, वॉर्डातली बैठक, शेजाऱ्यांनी मिळून केलेली मागणी हेच उपाय आहेत. मोबाइलची ७० मिनिटं मात्र तिच्या हातात आहेत.

निवडलेल्या तुकड्यात सोबत बदला, वेळ विकत घ्या किंवा तुकडा लहान करा. सोबतीचा उपाय लोक सगळ्यात कमी करतात आणि आमच्या मते तोच आधी करावा. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या रेल्वे आणि बसप्रवाशांवर प्रयोग केला. अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा छान गेला. गंमत म्हणजे प्रवाशांचा अंदाज नेमका उलटा होता. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना किंवा अक्कलकोटच्या एसटीत “कुठं उतरणार?” एवढ्यानं सुरुवात होते.

वेळ विकत घेण्याचं म्हणाल तर २०१७ च्या एका प्रयोगात, वस्तूंवर पैसे खर्चण्यापेक्षा वेळ वाचवण्यावर खर्चले तेव्हा लोकांना जास्त बरं वाटलं. आठवड्यातून दोन दिवस भाकऱ्या विकत आणल्या तर सकाळच्या ९० मिनिटांतली चिडचिड उतरू शकते, आणि घरी भाकऱ्या थापून विकणाऱ्या बाईलाही चार पैसे मिळतात. वाचलेली वेळ मोबाइलमध्ये गेली तर मात्र हिशेब शून्य.

बदल एका वाक्यात लिहा: ‘अमुक झालं, की मी तमुक करीन.’ पीटर गोल्विट्झर यांचं संशोधन सांगतं की नुसत्या निश्चयापेक्षा वेळ-जागेला बांधलेला बेत जास्त तडीस जातो. ‘मोबाइल कमी बघेन’ हा बेत नव्हे. ‘जेवणाची भांडी पालथी घातली, की मोबाइल फडताळात ठेवून मी जाऊबाईंसोबत कट्ट्यावर वीस मिनिटं बसेन’ हा बेत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ तर काहींना त्याहून कितीतरी जास्त. एक दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

पहिला आठवडाभर रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहा. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आठवडाभराच्या या सरावाचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, विशेषतः ज्यांनी तो पुढे चालू ठेवला त्यांच्यात. ‘डबा छान झाला’ पुरेसं नाही. ‘मैत्रिणीनं माझ्यासाठी दही राखून ठेवलं होतं, कारण सोमवारी मी तिचा राहिलेला माल उरकून दिला होता’ असं लिहा. ‘का’ गाळला की चौथ्या दिवशी ‘आरोग्य, कुटुंब, देवाची कृपा’ अशी पाठ केलेली यादी उरते. पहिल्या आठवड्यानंतर आठवड्यातून एकदाच लिहा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या एका अभ्यासात कृतज्ञतेच्या नोंदी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही.

मधल्या दिवसांत मात्र “वाटतंय का बरं?” असं स्वतःला विचारत बसू नका. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की सुखाला फार महत्त्व देणाऱ्या माणसाचा, परिस्थिती चांगली असतानाही, उलट हिरमोड होतो. तापात दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावण्यासारखंच आहे ते.

अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही आकडे परत काढा. डब्ल्यूएचओ-५ मध्ये १० गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल समजा. दोन-तीन गुण झोपेनंसुद्धा हलतात. नकोसा वेळ कमी झाला आणि गुण जागेवरच राहिले तर बेत आणखी चार आठवडे तसाच चालवा. दोन्ही जागेवर राहिले तर निवडलेला तुकडा चुकला. वहीतला पुढचा नकोसा तुकडा घ्या, त्या बाईच्या बाबतीत सकाळचे डबे, आणि त्याच्यासाठी नवं ‘झालं, की करीन’ लिहा.