पेशी मेल्या खऱ्या, पण कशाने? पोषक घटकांच्या कॉम्बिनेशनवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

परवा एका ज्युनिअरचा फोन आला. एमएस्सी झालीय, आता हळद, ग्रीन टी आणि व्हिटॅमिन सी एकत्र देऊन कॅन्सरच्या पेशींवर काम करायचंय म्हणाली. तिला तासभर जे सांगितलं तेच लिहितेय, कारण मला हे वेळेत कुणी सांगितलं असतं तर आठ महिने वाचले असते.

माझा विषय डाळिंबाची साल. सोलापुरात दुसरं काय सुचणार, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि ज्यूसवाल्याकडे सालींचा ढीग पडलेला असतो. सालीचा अर्क, ग्रीन टीतलं ईजीसीजी आणि व्हिटॅमिन सी, हे तिन्ही स्तनाच्या कॅन्सरच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींवर टाकायचं. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणल्या, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये फ्लास्क मांडीवर धरून बसले होते. एकेकटं दिलं तर फारसं काही होईना, पण तिन्ही एकत्र दिले की पेशी संपल्या. त्या दिवशी घरी पेढे नेले मी.

मग दुसऱ्या लॅबमधल्या एका मॅडमनी विचारलं, "कॅटालेज घालून बघितलंस का गं?" नव्हतं बघितलं. कॅटालेज म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून टाकणारं एन्झाइम. घातलं, आणि पेशी टुणटुणीत.

हे नीट समजून घ्या. ईजीसीजी, व्हिटॅमिन सी, सालीतलं गॅलिक ॲसिड, हे सगळे कल्चर मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, पडले की ऑक्सिजनशी रिॲक्ट होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, मीडियातले लोह-तांब्याचे अंश त्याला हातभार लावतात. म्हणजे पेशींना माझ्या कॉम्बिनेशनने नाही तर डिशमध्ये बनलेल्या पेरॉक्साइडने मारलं होतं. शरीरात ऊतींना ऑक्सिजन इन्क्युबेटरपेक्षा बराच कमी मिळतो, शिवाय रक्तातल्या तांबड्या पेशींत कॅटालेज भरलेलं असतं. मीडियात पायरुवेट असलं तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं, म्हणून तोच प्रयोग दोन लॅबमध्ये वेगळा येतो आणि आपण आपल्या हाताला दोष देत बसतो. तर पहिली प्लेट पेशींशिवाय लावा. नुसता मीडिया, त्यात तुमचे घटक, ३७ अंशाला ठेवून एक-दोन तासांनी पेरॉक्साइड मोजा. मग पेशींसोबत कॅटालेजवाले वेल्स (प्लेटमधले खळगे), आणि तुलनेसाठी उष्णतेने निकामी केलेलं कॅटालेज घातलेले वेल्ससुद्धा. एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी, करणार असाल तर आधी वेल धुवा, कारण हे अँटिऑक्सिडंट पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

डोसचंही तेच. व्हिटॅमिन सी तोंडाने कितीही घ्या, रक्तात साधारण २२० मायक्रोमोलरच्या वर जात नाही. शिरेतून दिलं तर मिलिमोलरमध्ये जातं, पण तो वेगळा विषय. डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन तर जसंच्या तसं रक्तात पोचतच नाही, आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, म्हणून मी नंतर युरोलिथिनच वापरलं.

कॅन्सर पसरण्यावर काम असेल तर स्क्रॅच ॲसे कराल, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा काढून ती भेग किती भरते ते बघाल. पेशी मरत असतील तर भेग भरणार नाहीच, त्याला "मायग्रेशन (पेशींचं सरकणं) थांबलं" म्हणू नका, पेशी न मारणाऱ्या डोसलाच करा. आणि "सिनर्जी", म्हणजे एकत्र परिणाम बेरजेपेक्षा जास्त, हा शब्द चौ-तलालय या गणिती पद्धतीने काढलेला कॉम्बिनेशन इंडेक्स १ च्या खाली आल्याशिवाय लिहायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून ग्राफ काढून देणारे खूप भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. गाईड सर नावाजलेले नसले तरी चालतील, पण तुमची कच्ची प्लेट स्वतः बघणारे हवेत.

घाबरू नका, निगेटिव्ह रिझल्टवरही माझं काम पुढे सरकलं. पण घरात सांगताना जपा. माझ्या मावशीने केमो बंद करून कॅप्सूल घेऊ का विचारलं होतं, तेव्हा पोटात गोळा आला. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या ट्रायलमध्ये बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के वाढला, १९९४ ला ते छापून आलं. मी तिला तेच सांगितलं, आणि पुढच्या केमोला सोबत गेले.

ज्युनिअर सोमवारी पेशींशिवायची प्लेट लावतेय. आकडे आले की पाठव म्हटलंय.