पुस्तक न घेता इंजिनिअरिंगचा सब्जेक्ट कसा काढायचा

आधी एक सांगतो, कॉलेज सुरू झाल्याझाल्या नागपूरच्या बाजारात, बर्डीवर जाऊन पाच पुस्तकं उचलू नका. मी फर्स्ट इयरला तेच केलं, मेकॅनिक्सचं नवंकोरं पुस्तक घेतलं अन् सेमिस्टरभर त्यातले दोनच चॅप्टर उघडले, बाबांचे पैसे गेले ते गेलेच.

पहिले सिलॅबस काढा. पेपर सिलॅबसवर येते, पुस्तकावर नाही. मग नागपूर विद्यापीठाचे जुने पेपर गोळा करा, विंटर अन् समर दोन्ही परीक्षांचे, चार-पाच वर्षांचे, अन् प्रत्येक प्रश्नासमोर युनिटचा नंबर टाका. एका संध्याकाळचं काम आहे पण कोणत्या युनिटला खरंच पुस्तक लागते अन् कुठे सरांच्या नोट्सवर भागते ते इथंच कळून जाते.

आता लायब्ररी. रेफरन्स कॉपी घरी देत नाहीत, ठीक आहे, तिथंच बसा, एका बैठकीत एक युनिट, हातानं नोट्स. एप्रिलमध्ये तसंही घरी कूलरपुढे झोपच येते. अन् एससी विद्यार्थी असाल, इंजिनिअरिंग, मेडिकल, लॉ असा कोर्स असेल, तर समाजकल्याणची, पुस्तकं वापरायला देणारी बुक बँक योजना आहे, तिचं नाव घेऊन लायब्ररीत विचारा. माझ्या दोस्ताला दोन वर्षं कोणी सांगितलंच नाही, मला अजून वाईट वाटते.

समजलं नाही तर नेटवर एनपीटीईएल. आयआयटीच्या सरांचे लेक्चर, 2003 पासूनचा उपक्रम, पाहायला फुकट, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेचे. सगळा कोर्स पाहत बसू नका, आपला टॉपिक शोधा, गणित आलं की व्हिडिओ थांबवून आधी स्वतः सोडवा. बीए-बीकॉमवाल्यांनी ईज्ञानकोश उघडा, इग्नू या मुक्त विद्यापीठाचं मटेरियल युनिटप्रमाणे पीडीएफमध्ये मिळते.

मॅथ्सचं मात्र वेगळं आहे, तिथं रोज हाताशी उदाहरणं लागतात, बिना पुस्तकाचं होत नाही. सीनियरकडून जुनी एडिशन घ्या, इंटिग्रेशन काही बदलत नाही, फक्त अनुक्रमणिका सिलॅबसशी ताडून पाहा. रूमवर दोघंतिघं असाल तर एकच घ्या.

अन् लायब्ररीतून जे इश्यू करायचं ते दिवाळीच्या सुट्टीआधी करा, विंटरचं टाइमटेबल लागलं की रॅक रिकामा होते.